पन्नाशी ते साठी : ईपीएस-९५ च्या लवचीक पेन्शनचे परीक्षण

खासगी कारखान्यात, सहकारी संस्थेत किंवा छोट्यामोठ्या कंपनीत ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांच्यापैकी बहुतेकांना निवृत्तीनंतर दरमहा मिळणारी एकमेव खात्रीची रक्कम म्हणजे कर्मचारी निवृत्तीवेतन योजना, १९९५ मधील पेन्शन होय. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या या योजनेला सगळे जण ‘ईपीएस-९५’ म्हणतात. पेन्शनचे ठरलेले वय ५८ असले तरी सदस्याला ते पन्नाशीनंतर कधीही कमी दराने सुरू करता येते, किंवा ५८ झाल्यावरही साठीपर्यंत लांबवून थोडे वाढवून घेता येते. कागदावर ही बरीच मोकळीक दिसते. वय झालेल्या कामगाराने नोकरी धरून ठेवावी, सोडावी की बदलावी, या निर्णयात ती प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या वेतन विभागात माझी नोकरी झाली असून पेन्शनचे अर्ज भरून देणे हा त्या कामाचाच भाग होता, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी हिशेब समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो न समजल्यानेच अनेकांचे निर्णय चुकतात. कामगाराच्या पगारातून कापलेले १२ टक्के संपूर्णपणे पीएफमध्ये जातात, तर मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात आणि केंद्र सरकार त्यात १.१६ टक्क्यांची भर घालते. पेन्शनची ही वर्गणी पगाराच्या एका कमाल मर्यादेपर्यंतच असते, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून ती मर्यादा १५,००० रुपये आहे. त्याआधी ती ६,५०० रुपये होती. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, एवढे साधे सूत्र आहे. हा पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. परंतु २०१४ च्या आधीच्या सेवेसाठी ६,५०० रुपये आणि नंतरच्या सेवेसाठी १५,००० रुपये, अशी विभागणी केली जाते. सप्टेंबर १९९७ मध्ये कामाला लागून ऑगस्ट २०२५ मध्ये वयाची ५८ वर्षे पूर्ण करणाऱ्या, कायम मर्यादेइतका किंवा तिच्याहून अधिक पगार असलेल्या कामगाराची आधीची १७ वर्षे १,५७९ रुपये देतात आणि नंतरची ११ वर्षे २,३५७ रुपये. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या व २० वर्षे सेवा भरलेल्या सदस्याला दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते. ती धरली तरी पेन्शन चार हजारांच्या थोडे वर जाऊन थांबते. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीची ही रक्कम आहे आणि ती महागाईनुसार वाढत नाही. ज्यांनी या मर्यादेहून अधिक असलेल्या प्रत्यक्ष पगारावर पेन्शनचा पर्याय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांची प्रकरणे मार्गी लागली, त्यांचे आकडे निराळे आहेत. हे परीक्षण त्यांच्यासाठी नाही.

या योजनेतील सर्वांत चांगली तरतूद कोणती, असे मला विचारले तर मी ५८ नंतरच्या मोकळिकीचे नाव घेईन. ५८ वर्षे पूर्ण झाली की सदस्याचे पेन्शन सुरू होऊ शकते आणि तो त्याच कारखान्यात किंवा दुसरीकडे काम करीत राहिला तरी त्यातला एक रुपयाही कापला जात नाही. पगार किती मिळतो, काम पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, याची कोणी चौकशी करीत नाही. पीएफ चालू राहिला तर मालकाचा पेन्शनकडे जाणारा हिस्साही पीएफमध्येच जमा होऊ लागतो. कुशल कामगाराच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. टूलरूममधला अनुभवी फिटर किंवा डाय दुरुस्त करणारा माणूस ५८ व्या वर्षी निरुपयोगी होत नाही. त्याला मुदतीच्या करारावर ठेवून घेण्यास कारखाना तयार असतो, परंतु करारावरचा पगार आधीच्यापेक्षा बहुधा कमीच असतो. अशा वेळी पेन्शनचे चार हजार त्या कमी पगाराला जोडले गेल्याने माणूस ‘एवढ्या कमी पैशांत काम करण्यापेक्षा घरी बसलेले बरे’ असे म्हणत नाही. काम केल्याबद्दल पेन्शन कमी होणार नाही एवढी हमी असली की वयस्क माणूस कामाकडे पाठ फिरवीत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे.

पन्नाशीनंतर लवकर घेण्याच्या पेन्शनबद्दल मात्र माझे मत अनुकूल नाही, आणि त्याचे कारण सहसा सांगितले जाते ते नव्हे. ५८ ला जितकी वर्षे कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात होते. सप्टेंबर २००८ पूर्वी ती तीन टक्के होती. ही कपात ५८ नंतर भरून निघत नाही, ती आयुष्यभर राहते. त्यामुळे ‘लवकर घेऊ नका, नुकसान होईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. वीस वर्षे नोकरी झालेल्या आणि कारखाना बंद पडल्याने ५३ व्या वर्षी घरी बसलेल्या एका टर्नरचा हिशेब मी त्याच्यासमोर बसून मांडला होता. निम्म्याहून थोडी अधिक सेवा २०१४ च्या आधीची, उरलेली नंतरची. ५८ ला घेतले असते तर पेन्शन साधारण २,९५० रुपये भरत होते. पाच वर्षांची २० टक्के कपात केली की हातात २,३६० रुपये पडत होते. परंतु हे २,३६० रुपये पाच वर्षे आधी सुरू होणार होते, म्हणजे ५८ व्या वर्षापर्यंत एक लाख एकेचाळीस हजारांहून अधिक रक्कम त्याला मिळालेली असणार होती, आणि दरमहा ५९० रुपयांच्या फरकाने ती फिटायला वीस वर्षे लागली असती. वयाच्या ७८ व्या वर्षापर्यंत लवकर घेणारा तोट्यात नाही, असा त्याचा अर्थ होतो. ज्या पेन्शनला महागाईची जोड नाही, त्यात आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठाच असतो. तेव्हा ज्याला पुन्हा पीएफ असलेली नोकरी मिळण्याची खरोखर आशा नाही, त्याच्यासाठी चार टक्क्यांची कपात अन्यायकारक नाही.

खरे नुकसान निराळ्या ठिकाणी होते. लवकर पेन्शनसाठी अर्ज करताना सदस्य पीएफ लागू असलेल्या नोकरीत नसावा लागतो, आणि एकदा पेन्शन सुरू झाले की पुढची कोणतीही सेवा या योजनेत मोजली जात नाही. तोच टर्नर आणखी पाच वर्षे पीएफच्या नोकरीत राहिला असता तर नुसत्या त्या पाच वर्षांनी पेन्शनमध्ये १,०७१ रुपयांची भर पडली असती, दोन वर्षांची वाढीव सेवाही पदरात पडली असती आणि ५८ व्या वर्षी त्याचे पेन्शन ४,२०० रुपयांच्या आसपास पोहोचले असते. २,३६० आणि ४,२०० यांतील अंतर निव्वळ कपातीचे नाही. ते अर्ज केल्यामुळे बंद झालेल्या दाराचे आहे. त्याने अर्ज केला, कारण मुलीची बारावी होती आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. वर्षभरात त्याला एका ठेकेदाराकडे लेथवर काम मिळाले. पगार व्हाउचरवर, पीएफ नाही, ईएसआयचा आरोग्य विमा नाही. ठेकेदाराला मालकाचा हिस्सा वाचवायचा होता, आणि पेन्शन सुरू झालेले असल्यामुळे टर्नरलाही पीएफचा आग्रह धरावा असे वाटले नाही. ५३ वर्षांचा, हाताने सफाईदार काम करणारा माणूस अशा रीतीने संघटित नोकरीतून कायमचा बाहेर गेला. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांचा हेतू नोकरी गेलेल्या माणसाला आधार देण्याचा असावा, यात मला शंका नाही. परंतु त्यातून पन्नाशीतल्या कामगाराला मिळणारा संदेश असा आहे की आधार हवा असेल तर चांगली नोकरी शोधणे सोडून दे.

५८ नंतर लांबवून घेण्याच्या पेन्शनची गोष्ट याच्या उलट आहे. २०१६ पासून सदस्याला दोन वर्षांपर्यंत पेन्शन पुढे ढकलता येते आणि प्रत्येक वर्षाला चार टक्के वाढ मिळते. पेन्शन ४,००० रुपये धरले तर दोन वर्षांनी ते ४,३२० होते. मात्र त्या दोन वर्षांत न घेतलेले पेन्शन ९६,००० रुपये होते. दरमहा ३२० रुपयांच्या वाढीने ते परत मिळवायला ३०० महिने लागतात, म्हणजे पूर्ण पंचवीस वर्षे. माणसाने वयाची ८५ वर्षे पार केली तर त्यापुढे फायदा. जो ५८ नंतर पगार आणि पेन्शन दोन्ही एकत्र घेऊ शकतो, त्याने हा पर्याय का स्वीकारावा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. वर्गणी चालू ठेवून लांबवण्याचा पर्याय त्यापेक्षा बरा आहे. त्यात ती दोन वर्षे सेवेत धरली जातात, १५,००० रुपये पगारावर ४२८ रुपये वाढतात, त्यावर आठ टक्क्यांची भर पडते आणि पेन्शन ४,७८० रुपयांच्या आसपास जाते. पेन्शनकडे वळलेली सुमारे ३०,००० रुपयांची वर्गणी धरूनही हा हिशेब साधारण साडेतेरा वर्षांत, म्हणजे ७३-७४ व्या वर्षी बरोबरीला येतो. प्रकृती उत्तम आहे, घरात दीर्घायुष्याचा वारसा आहे आणि ५८ ते ६० या काळात पगारावर भागते आहे, अशा माणसाला तो लाभू शकेल. दोन पर्यायांतला हा फरक अर्ज भरताना कोणीही समजावून सांगत नाही, ही खेदाची बाब आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. बहुसंख्य कामगारांच्या बाबतीत नोकरी कधी संपणार हे पेन्शनचे नियम ठरवीतच नाहीत. ते कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचे नियम, किंवा मालक आणि युनियन यांच्यातील करार ठरवतात. कुठे ५८, कुठे ६०. जेथे ६० आहे तेथे लांबवण्याच्या पर्यायाला काही अर्थ तरी उरतो. जेथे ५८ ला गेट पास काढून घेतला जातो, तेथे तो पर्याय कागदावरच राहतो. पेन्शन लवचीक आणि निवृत्तीचे वय ताठर, अशी ही जोडी आहे.

परदेशातील एक उदाहरण मला या संदर्भात फार बोलके वाटते. नॉर्वेने २०११ मध्ये आपली पेन्शनव्यवस्था बदलली आणि सार्वजनिक पेन्शन ६२ ते ७५ या वयात, पुरेशी पुंजी साठलेली असल्यास, केव्हाही सुरू करण्याची मुभा दिली. लवकर घेतले तर दरमहा कमी, उशिरा घेतले तर जास्त, आणि हा फरक सरासरी आयुर्मानाच्या हिशेबाने असा बसवलेला की आयुष्यभराची एकूण रक्कम साधारण सारखीच राहावी. महत्त्वाचे म्हणजे पेन्शन घेण्यासाठी नोकरी सोडण्याची अट नाही आणि कमाईमुळे कपातही नाही. त्याआधी खासगी क्षेत्रातील कराराधारित लवकर निवृत्तीचे पेन्शन काम चालू ठेवणाऱ्याच्या हातून जात असे; सुधारणेनंतर ते नोकरीसोबतही मिळू लागले. अभ्यासकांना असे दिसून आले की यानंतर ज्यांच्या बाबतीत काम करण्यावरची ही शिक्षा हटली, त्या साठी ओलांडलेल्या लोकांचे कामावर राहण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले. अनेकांनी ६२ व्या वर्षीच पेन्शन सुरू केले, पण नोकरी सोडली नाही. आपल्याकडे ५८ नंतर जे आहे, तेच नॉर्वेने ६२ पासून दिले. आपल्याकडे पन्नाशीत जे आहे, ते नॉर्वेने मोडीत काढले. नॉर्वेसारख्या श्रीमंत देशाची पेन्शनची रक्कम आपल्याला देता येणार नाही हे उघड आहे, परंतु नोकरी सोडण्याची अट काढून टाकायला श्रीमंती लागत नाही.

दहा वर्षांच्या अटीचाही वयस्क कामगाराच्या निर्णयाशी थेट संबंध आहे. दहा वर्षांची सेवा नसेल तर मासिक पेन्शन नाही, फक्त एकरकमी परतावा किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हे पूर्ण वर्ष धरले जात असल्याने साडेनऊ वर्षे झालेला माणूस उंबरठा ओलांडतो. आठ-नऊ वर्षे भरलेला पन्नाशीतला माणूस कितीही त्रास झाला तरी नोकरी सोडत नाही, आणि त्याने सोडूही नये. चाळिशीनंतर पीएफच्या नोकरीत आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, विशेषतः पॅकिंग आणि शिवणकामाच्या युनिटमध्ये, ही अट फार कळीची ठरते. नोकरी बदलताना त्यांनी पेन्शनची रक्कम काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट घेतले किंवा जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करून घेतले, तर मागची वर्षे जिवंत राहतात. साखर कारखान्यांतील हंगामी कामगारांना या योजनेने दिलेला न्याय येथे आवर्जून नोंदवावासा वाटतो. गळीत हंगामाचे काही महिनेच काम केले तरी ते वर्ष सेवेचे पूर्ण वर्ष धरले जाते. सोलापूर, अहिल्यानगर किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील हंगामी कामगाराने पन्नाशीनंतर ‘आता काही महिन्यांसाठी कशाला जायचे’ असा विचार करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. त्याचा एक हंगाम म्हणजे पेन्शनचे एक अख्खे वर्ष आहे.

सेवेच्या दर्जाबद्दल बोलायचे तर गेल्या काही वर्षांत सुधारणा निश्चित झाली आहे. पेन्शनसाठीचा फॉर्म १०डी आता ऑनलाइन भरता येतो. जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत पेन्शन वितरण व्यवस्था देशभर लागू झाली असून ७८ लाखांहून अधिक पेन्शनधारकांना कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून पेन्शन घेता येते. निवृत्तीनंतर नाशिक सोडून गावी, जळगाव किंवा धुळ्याकडे परतणाऱ्या माणसाला पूर्वी पेन्शनचे कागदपत्र एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवावे लागत असत, ते आता लागत नाही. हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो, तो दिल्यापासून वर्षभर चालतो आणि मोबाईलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. भट्टीवर किंवा ग्राइंडिंगवर आयुष्य घालवून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. नाव, जन्मतारीख किंवा नोकरी सोडल्याची तारीख यांत तफावत असेल तर मात्र सारे काही अडते. ती दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घ्यावी, कारण बंद पडलेल्या कारखान्याच्या सहीशिक्क्यासाठी पुढे कोणाच्या दारात उभे राहायचे, हा प्रश्न फार जीवघेणा ठरतो.

रकमेचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे, आणि ते ७,५०० रुपये व महागाई भत्ता असे करावे यासाठी बुलढाण्यातून उभे राहिलेले पेन्शनधारकांचे आंदोलन वर्षानुवर्षे चालू आहे. त्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. चार टक्के कपात की चार टक्के वाढ, ही निवड ज्याच्या पेन्शनवर घर चालू शकते त्याच्यासाठी खरी निवड असते. अडीच-तीन हजारांवर कोणाचेही घर चालत नाही, त्यामुळे साठीनंतरही सुरक्षारक्षकाच्या बारा तासांच्या पाळ्या करणारी माणसे ‘लवचीक’ पर्याय निवडलेली नसतात. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

एवढे असूनही ही योजना मी टाकाऊ ठरवणार नाही. जो ५८ पर्यंत पीएफच्या नोकरीत टिकू शकतो त्याने टिकावे, ५८ ला पेन्शन सुरू करावे आणि शक्य असेल तोवर काम करीत राहावे. या मार्गाला माझी पूर्ण शिफारस आहे. साध्या लांबवणीला शिफारस नाही, वर्गणीसह लांबवण्याला मोजक्या लोकांपुरती आहे. लवकरच्या पेन्शनचा अर्ज, नोकरी जाऊन निदान वर्षभर दुसरी पीएफची नोकरी शोधून झाल्याशिवाय भरू नये. आणि भरताना पत्नीचे वय समोर ठेवावे, कारण पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर तिला मिळणारे पेन्शन त्याच्या पेन्शनच्या निम्मे असते. म्हणजे पतीने ५३ व्या वर्षी स्वीकारलेली २० टक्के कपात तिच्या वाट्यालाही येते. बरेच जण हा अर्ज घरी न सांगताच भरायला येतात. मी त्यांना घरी जाऊन पत्नीशी बोलायला आणि दोघांनी मिळून यायला सांगतो, आणि त्यानंतर काहींचा निर्णय बदललेला मी पाहिला आहे.